झिंग्याच्या अंगातले औषध आणि बाटलीतले औषध

भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे जुने गावठाण पाण्याखाली गेले. पाणी फार उतरले की पळसनाथाचे पुरातन मंदिर आजही उघडे पडते आणि ते पाहायला लांबून लोक येतात. ज्या पाण्याने घरे व शेते घेतली त्याच पाण्याने पुढे मासळीचा धंदा दिला. चिलापी, कटला, रोहू, भिगवणचा बाजार, लिलाव, बर्फाच्या लाद्या, जाळी विणणारे व सांधणारे, टेम्पोवाले, अशा कितीतरी लोकांची रोजी आज या धरणाच्या फुगवट्यावर चालते. त्यात आपले व्यापारी बांधवही आहेत.

मध्यंतरी पळसदेवच्या अशाच एका बांधवाने आमच्यापुढे एक बाटली आणून ठेवली. त्यांचा बेत असा की आसपासच्या डाळिंब व द्राक्ष बागाईतदारांनी शेततळी केलेली आहेतच, त्यांत जंबो कोळंबी म्हणजे गोड्या पाण्यातला मोठा झिंगा वाढवावा. बीज व खाद्याला उचल आपण द्यायची आणि तयार माल आपणच उचलायचा. शेतकरी तयार होते. एवढ्यात एक एजंट ही बाटली घेऊन आला. बाटलीवर झिंग्याचे चित्र, आणि खाली लिहिलेले, प्रतिकारशक्ती वाढवणारे, पेप्टाइडयुक्त. "भाई, पेप्टाइड म्हणजे नेमके काय? आणि हे टाकले तर माल मरणार नाही काय? तुम्ही जरा वाचून सांगा, माझी तीन वर्षांची शिल्लक यात चालली आहे," असे ते म्हणाले.

आम्ही वाचले, जाणकारांना विचारले, आणि जे समजले ते येथे देत आहोत. एका बांधवाची शिल्लक हे निमित्त झाले, पण उजनीच्या काठी हा विचार करणारे ते एकटे नाहीत. झिंगा खाण्याविषयी हनफी व शाफई मतांत फरक आहे हे आम्ही जाणतो. तो विषय उलेमांचा आहे, या पानाचा नव्हे.

गोवर आणि झिंगा

लहान मुलाला गोवर येऊन गेला की तो सहसा पुन्हा येत नाही. कारण माणसाचे शरीर एकदा भेटलेल्या शत्रूची ओळख ठेवते आणि त्याच्यासाठी खास प्रतिपिंडे तयार करते. लस टोचण्याचे शास्त्र याच आठवणीवर उभे आहे. कोंबडीला लस देता येते, म्हशीला देता येते, माशालाही देता येते.

झिंग्याच्या अंगात प्रतिपिंडे तयारच होत नाहीत. झिंगा, खेकडा, शेवंड ही सारी कवचधारी मंडळी या बाबतीत एकाच घराण्यातली. म्हणून आपण ज्या अर्थाने लस म्हणतो तशी लस झिंग्याला लागू पडत नाही. कोणी ती विकत असेल तर दोनदा विचार करावा. अलीकडच्या संशोधनात या प्राण्यांतही थोडीफार आठवण राहते असे संकेत मिळाले आहेत, पण तळ्यावर भरवसा ठेवावा इतके ते पक्के नाही.

मग हा प्राणी जगतो कसा? चिखलात, सडक्या पानांत, जंतूंनी भरलेल्या पाण्यात तो जन्मभर राहतो. त्याचे उत्तर म्हणजे उपजत प्रतिकारशक्ती, आईच्या पोटातून मिळालेली, शिकवावी न लागणारी. तिचे पहिले कुंपण म्हणजे कवच. कवचाला भेग पडून जंतू आत शिरला की रक्तातील पेशी धावतात, त्याला गिळतात किंवा घेरून टाकतात. घेरलेल्या जागी एक काळे द्रव्य साचते व शत्रू आत कोंडला जातो. जिवंत झिंग्याच्या कवचावर जे काळे डाग दिसतात त्यांपैकी बरेचसे अशा जुन्या लढाईचे व्रण असतात.

मासळीवाल्यांसाठी येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मेलेला झिंगा बर्फाविना राहिला की त्याचे डोके काळे पडते आणि भाव उतरतो. गिऱ्हाईक म्हणते माल सडला. सडण्याची सुरुवात वेगळी असते. हे काळेपण त्याच प्रतिकाराच्या रसायनाचे असते. मालक मेला तरी पहारेकरी आपले काम करीत राहतो, तसे हे. थंडीने ते मंदावते, म्हणून पाण्यातून काढताक्षणी बर्फात घालणे हाच त्यावर खरा इलाज. जंबो कोळंबीचे डोके लवकर काढण्याचेही कारण आहे. डोक्यातील पाचक रसाने शेपटीचे मांस लिबलिबीत होते. आडतीवर पाट्या उन्हात ठेवून भाव करीत बसणाऱ्यांचा तोटा येथेच होतो.

प्रथिनाचे लहान तुकडे

आता बाटलीवरच्या शब्दाकडे येऊ. प्रथिन म्हणजे अमिनो आम्ल नावाच्या मण्यांची लांब माळ. माळेचा लहान तुकडा तोडला तर त्याला पेप्टाइड म्हणतात. डाळ-भात पचताना आपल्या पोटातही पेप्टाइडे तयार होतात, तेव्हा नुसत्या नावाला भुलण्याचे कारण नाही. यांतील काही थोडे तुकडे मात्र जंतूंना मारतात. अशा पेप्टाइडावर धन विद्युतभार असतो व जिवाणूच्या आवरणावर ऋण. दोघे एकमेकांना चिकटतात, पेप्टाइड आवरणात घुसते, भोके पाडते, आणि भोक पडलेल्या पखालीसारखा जिवाणू रिकामा होतो. प्राण्याच्या स्वतःच्या पेशींच्या आवरणाची घडण वेगळी असल्याने त्या बहुधा वाचतात.

हा शोध झिंग्यापासून लागलेला नाही. स्वीडनमध्ये हान्स बोमन यांच्या गटाने १९८१ साली एका पतंगाच्या कोशातून असे पेप्टाइड वेगळे केले. नंतर अमेरिकेत मायकेल झास्लॉफ नावाचे डॉक्टर बेडकांवर शस्त्रक्रिया करीत असत. शिवलेले बेडूक ते पुन्हा मळक्या पाण्यात सोडत, आणि तरी त्यांच्या जखमा चिघळत नसत. असे का, हा प्रश्न त्यांना पडला. १९८७ साली त्यांनी बेडकाच्या कातडीतील जंतुनाशक पेप्टाइडे जगापुढे मांडली. झिंग्याकडे शास्त्रज्ञ वळले ते नंतर. १९९७ साली फ्रान्समधील संशोधकांनी समुद्री पांढऱ्या कोळंबीच्या रक्तातून अशी पेप्टाइडे काढून दाखवली. ती रक्तपेशींच्या आतील दाण्यांत भरून ठेवलेली असतात, जणू गल्ल्यात ठेवलेली रोख. चोर आला की पेशी गल्ला उघडते. आपल्या जंबो कोळंबीतही या प्रकारची अनेक पेप्टाइडे पुढे सापडली आहेत.

मात्र या सर्वांत आम्हाला सर्वांत उपयोगी वाटली ती क्रेफिशची हकीकत. क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातला लहानसा शेवंडच म्हणा ना. आपल्या देशात तो निसर्गतः नाही. पण युरोप, अमेरिका, चीनमध्ये त्याचा मोठा धंदा आहे आणि कवचधाऱ्यांच्या प्रतिकारशक्तीविषयी जे कळले त्याचा मोठा भाग त्याच्यावरच्या संशोधनातून आलेला आहे. झिंगा त्याचा जवळचा नातेवाईक, त्यामुळे त्याचे दुखणे ऐकून आपले दुखणे समजते.

एका व्यापाऱ्याने पाण्यात टाकलेला माल

१८६० च्या सुमारास इटलीच्या उत्तर भागातील नद्यांत क्रेफिश मरू लागले. बुरशीसारख्या एका जीवाने होणारा हा रोग होता, तो पुढे साऱ्या युरोपभर पसरला. स्वीडन १९०७ पर्यंत वाचलेला होता. त्या वर्षी फिनलंडहून क्रेफिशचा माल स्टॉकहोमला आला. त्यांतले काही रोगट, काही मेलेले. व्यापाऱ्याने खराब माल जवळच्या तलावात फेकून दिला, असे सांगतात. आपल्यापैकी किती जण हेच करतात? पाटीतला खराब माल व क्रेटमधले पाणी धरणातच जाते. त्या एका फेकण्याने रोग स्वीडनच्या पाण्यात शिरला आणि पिढ्यान्‌पिढ्या चाललेला तेथील क्रेफिशचा धंदा बसत गेला.

१९६० पासून स्वीडनने अमेरिकेतील वेगळ्या जातीचा क्रेफिश आणून सोडला. हा त्या रोगाने मरत नव्हता. कारण शोधता शोधता उप्साला विद्यापीठातील केनेथ सॉडरहाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कवचधाऱ्यांच्या प्रतिकाराची बरीच कुलुपे उघडली. अमेरिकन क्रेफिशच्या कवचात रोगाचा धागा शिरला की त्याचे शरीर लगेच त्याभोवती काळे द्रव्य ओतते व धागा तेथेच कोंडून राहतो. युरोपीय जातीत हेच काम उशिरा व अपुरे होते. दोघांकडे हत्यार एकच, पण एकाचा हात लवकर चालतो.

यातील दुसरा भाग धंदेवाल्याने जास्त लक्षात घ्यावा. कोंडलेला रोग मरत नाही. अमेरिकन क्रेफिश वरून धडधाकट दिसतो आणि आतून रोग वागवतो. त्याच्या रक्तपेशी कमी झाल्या, अंगावर ताण आला, की तोच कोंडलेला धागा सुटतो आणि त्याला मारतो. शिवाय तो जेथे जातो तेथे नाजूक जातींना रोग देतो. धडधाकट दिसणारा माल आणि निरोगी माल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२००३ साली सॉडरहाल यांच्या गटाला क्रेफिशच्या रक्तात आणखी एक पेप्टाइड सापडले. त्याचे नाव अस्टासिडिन, माळेत अवघे १६ मणी. पण ते कोठून येते हे कळल्यावर सारे चकित झाले. झिंगा-खेकड्याचे रक्त आपल्यासारखे लाल नसते. आपल्या रक्तात लोह, त्यांच्या रक्तात तांबे. म्हणून त्यांचे रक्त निळसर दिसते. आपल्या तांबट बांधवांना तांब्याचा निळा-हिरवा रंग सांगायला नको. हे तांबेयुक्त प्रथिन अंगभर ऑक्सिजन वाहून नेते. जंतू शिरल्याची वर्दी मिळताच शरीर याच प्रथिनाच्या टोकाचा तुकडा तोडते, आणि तो तुकडा म्हणजे अस्टासिडिन, जिवाणू मारणारा. म्हणजे श्वास ज्यावर चालतो त्यातूनच हत्यार घडते. घरातले भांडे वितळवून तलवार करावी तसे हे. ज्याच्या घरात भांडी भरपूर त्याला ते परवडते. उपाशी, दमलेल्या, श्वास कोंडलेल्या प्राण्याला किती परवडेल, हे वाचकांनी ठरवावे.

या पेप्टाइडांचा जोर केवळ जिवाणूंपुरता नाही. २००६ साली क्रेफिशवरच असे दिसले की एका विशिष्ट पेप्टाइडाची निर्मिती बंद पाडली तर पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा विषाणू अंगात झपाट्याने वाढतो. हाच तो विषाणू, ज्याने १९९४ पासून आपल्या आंध्र व तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील कोळंबीची तळी रिकामी केली होती. चीनमध्ये आज भातखाचरांत क्रेफिशची शेती होते, वर्षाला २० लाख टनांच्या वर. तेथेही मे महिन्यात पाणी तापू लागले, तळी दाट झाली, की याच विषाणूने माल मरतो. शेतकऱ्यांनी त्याचे नावच मे महिन्याचा रोग असे ठेवले आहे. रोगजंतू तळ्यात आधीपासून असतात. प्राण्याची बाजू पडली की ते उठतात.

पांढऱ्या शेपटीचा रोग आणि मेलविशारमचे कॉलेज

जंबो कोळंबीचा खरा शत्रू वेगळा आहे. तिच्या पिल्लांची शेपटी आतून दुधासारखी पांढरी होते आणि काही दिवसांत टाकीच्या टाकी मरते. १९९० च्या दशकात वेस्ट इंडीजमधील ग्वादलूप बेटावर हा रोग दिसला, २००१ च्या सुमारास आपल्याकडे आंध्र व तमिळनाडूच्या हॅचऱ्यांत. कारण एक सूक्ष्म विषाणू, आणि त्याच्यासोबत फिरणारा त्याहूनही लहान दुसरा.

या रोगाचा भारतात ज्यांनी पाठपुरावा केला त्यांत तमिळनाडूतील मेलविशारमच्या सी. अब्दुल हकीम कॉलेजचे डॉ. साहुल हमीद यांचे नाव पुढे आहे. मेलविशारम हे चामड्याच्या व्यापाऱ्यांचे गाव. तेथील मुस्लिम शिक्षण संस्थेने १९६५ साली हे कॉलेज काढले आणि चामड्याचे व्यापारी व दानशूर नवाब सी. अब्दुल हकीम यांचे नाव त्याला दिले. त्या कॉलेजातील प्रयोगशाळेला पुढे जागतिक पशुआरोग्य संघटनेने याच रोगासाठी संदर्भ प्रयोगशाळा म्हणून मान्यता दिली. कातडी कमावणाऱ्यांच्या पैशातून जगाच्या झिंग्याचा रोग ओळखणारी शाळा उभी राहते, ही बाब आमच्या वाचकांपर्यंत पोहोचली पाहिजे असे आम्हाला वाटले.

त्यांच्या कामातून व्यापाऱ्याच्या उपयोगाचे दोन मुद्दे निघतात. एक, हा विषाणू पिल्लांना मारतो, पण मोठ्या झिंग्याला सहसा मारत नाही. मोठा झिंगा तो अंगात वागवतो. दुसरा, असा वरून निरोगी दिसणारा मादी झिंगा अंड्यांबरोबर रोग पिल्लांना देतो. स्वीडनच्या क्रेफिशची तीच कथा, वेगळ्या वेशात. म्हणून हॅचरीत मादी किती जाडजूड आहे हे पाहून बीज विकत घेणे म्हणजे कव्हर पाहून मालाचा भाव करणे. विषाणू आहे की नाही हे आरटीपीसीआर तपासणीनेच कळते. करोनाच्या साथीत आपण सर्वांनी नाकात काडी घालून घेतली तीच तपासणीची पद्धत.

भारतातील जंबो कोळंबीचे उत्पादन २००५ च्या सुमारास ४० हजार टनांच्या वर पोहोचले होते. पुढच्या चार-पाच वर्षांत ते कोसळले. पांढरी शेपटी हे एक कारण. त्याच त्या नात्यातल्या माद्यांची पिल्ले पुन्हापुन्हा वापरल्याने बीजाची जात उतरली, हे दुसरे. २००९ नंतर आलेल्या परदेशी व्हॅनामी कोळंबीने बाजार खेचला, हे तिसरे. व्हॅनामीच्या यशातही मोठा वाटा बीजाचा होता. तिची पैदाशीची जनावरे रोगमुक्त म्हणून तपासलेली येतात आणि चेन्नईच्या विलगीकरण केंद्रातून पुढे जातात. गोड्या पाण्याच्या कोळंबीसाठी असेच काम भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने २००७ साली हाती घेतले. गुजरात, केरळ व ओडिशा येथील झिंग्यांचा संकर करून निवड पद्धतीने सुधारित जात तयार केली. सिफा-जीआय स्कॅम्पी या नावाने ती ओळखली जाते.

मग बाटलीचे काय?

एजंटाची बाटली पूर्ण खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. अशा औषधांत बहुधा यीस्टच्या आवरणापासून काढलेले ग्लुकन असते. झिंग्याच्या शरीराला ग्लुकन भेटले की बुरशी आली असा इशारा मिळतो, पेशी जाग्या होतात, पेप्टाइडे सुटतात. हे प्रयोगात सिद्ध झाले आहे. प्रश्न रोज इशारा देण्याचा आहे. गावात रोज रात्री चोर आला म्हणून डबा वाजवला तर आठ दिवसांनी कोणी उठणार नाही. कोचीच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात समुद्री कोळंबीवर केलेल्या प्रयोगात, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, रोज ग्लुकन देण्यापेक्षा सात दिवसांतून एकदा दिलेले चांगले ठरले. एजंट मात्र रोजच्या खाद्यात मिसळा असे सांगतो. बाटली रोज संपली तरच त्याचा धंदा, एवढे आपण व्यापारी ओळखून आहोत.

आणि बाटलीत खरोखर जंतुनाशक पेप्टाइड असेल तर? ते प्रथिनाचेच तुकडे असल्याने झिंग्याच्या पोटात गेल्यावर खाद्यासारखे पचण्याचा धोका असतो, तळ्याच्या पाण्यात ओतले तर विरून जातात. जगभर यावर काम चालू आहे. पण कोणत्या पेप्टाइडाचे किती प्रमाण हे लेबलवर नसेल तर तो शब्द नुसता शोभेचा समजावा. पळसदेवच्या बाटलीवर तो आकडा नव्हता.

याहून वाईट मार्ग म्हणजे प्रतिजैविके. विषाणूवर ती चालतच नाहीत. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान या औषधांचा अंश सापडल्याने २००१-०२ च्या काळात आशियातील कोळंबीवर युरोपने कडक तपासणी बसवली, अनेक देशांचा माल अडकला. नायट्रोफ्युरानचा अंश मांसात फार काळ चिकटून राहतो व शिजवूनही पुरता जात नाही. आपला माल पुण्याच्या हॉटेलात जाणार असला तरी खाणारा माणूसच आहे.

शेततळ्यावर

झिंग्याचे औषध त्याच्या अंगातच आहे हे मान्य केले, तर पैसा ते औषध टिकवण्यावर घालावा. तैवानमध्ये २००२ साली जंबो कोळंबीवर झालेल्या प्रयोगात पाण्यातील ऑक्सिजन लिटरला तीन मिलिग्रॅमच्या खाली गेला तेव्हा तिच्या प्रतिकारपेशी दुबळ्या पडल्या आणि जिवाणू टोचल्यावर जास्त कोळंबी मेली. उजनीच्या पाण्यात पुणे-पिंपरी भागाचे सांडपाणी मुळा-मुठा व भीमेतून येते, त्यामुळे शेवाळ भरपूर. शेवाळाचे पाणी दिवसा ऑक्सिजन देते आणि रात्री तोच ओढून घेते. सर्वांत कमी ऑक्सिजन पहाटे. म्हणजे रात्री वीज नसेल तर हवा देणारे यंत्र आहे की नाही यापेक्षा त्याला जनरेटर आहे की नाही हा प्रश्न मोठा. बाटल्यांच्या पैशात डिझेल येते.

आपल्याकडची शेततळी बहुधा प्लास्टिक कागदाची. त्यात झिंग्याला लपायला जागा नसते. झिंगा वाढताना कवच टाकतो, आणि नवे कवच घट्ट होईपर्यंत तो मऊ व उघडा असतो. त्या वेळी भाऊबंदच त्याला खातात. न खाल्ले तरी जखमा होतात व जखमेतून जंतू शिरतात. फुटकी कौले, पाइपचे तुकडे, जुनी जाळी तळाशी सोडली तर ही खाखाई बरीच कमी होते. जाळी सांधणाऱ्या बांधवांकडे टाकाऊ जाळ्यांचे ढीग पडलेले असतात, त्याला येथे गिऱ्हाईक आहे. मात्र दुसऱ्या तळ्यातून आलेली जाळी उन्हात कडक वाळवल्याशिवाय घालू नये.

दाटी हा दुसरा मोह. कटला-रोहूसोबत झिंगा ठेवायचा तर चौरस मीटरला एखादाच पुरे. केवळ झिंगा घ्यायचा तर दोन ते पाच. एक गुंठा म्हणजे सुमारे १०० चौरस मीटर, तेव्हा १० गुंठ्यांच्या तळ्यात तीन हजारांच्या आसपास बीज झाले. एजंट दहा हजार घाला म्हणतो. सोबतीला मृगळ किंवा सायप्रिनस नको, ते तळाशी चरतात व झिंग्याचेच खाद्य खातात. थंडीत पाणी उतरले की झिंगा खात नाही व वाढत नाही, त्याला २६ ते ३१ अंशांचे पाणी मानवते. म्हणून इंदापूरकडे हंगाम धरायचा तो उन्हाळ्याच्या शेवटापासून थंडी पडेपर्यंत. आणि २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे पातळीत किती खाली गेला होता हे ज्यांनी पाहिले, त्यांनी तळ्याला पाणी कोठून येणार हे आधी लिहून घ्यावे.

परदेशी क्रेफिश आणून सोडण्याची कल्पनाही कोणी कोणी बोलून दाखवतात, शोभेच्या माशांच्या दुकानांत तो दिसतो म्हणून. सरकारी परवानगीविना परदेशी जात आणणे गुन्हा आहेच, शिवाय वर सांगितल्याप्रमाणे तो रोगाचा वाहक असू शकतो. मांगूर माशाचे काय झाले ते आपण पाहिले. बंदी असताना पाळला आणि पुढे शासनाने तळीच्या तळी नष्ट केली.

राहिले बीज. जंबो कोळंबीच्या पिल्लांना जन्मानंतरचे पहिले काही आठवडे मचूळ पाणी लागते, म्हणून हॅचरी समुद्राकाठीच असते किंवा समुद्राचे पाणी आणून चालवावी लागते. पळसदेवला बीज कोकणातून नाहीतर आंध्रातून, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांत येणार. पिशवी फुटल्यावर काही करता येत नाही. जे विचारायचे ते उचल देण्याआधी. माद्या कोठल्या, पांढऱ्या शेपटीची तपासणी कोणत्या प्रयोगशाळेत झाली, कोणत्या तारखेला, याच खेपेच्या बिजाची की मागच्या. आल्यावर पिशवी तळ्यात तरंगत ठेवून पाणी सारखे होऊ द्यावे, आणि थोडे बीज वेगळ्या टाकीत आठवडाभर पाहावे. पिशवीतले पाणी तळ्यात वा धरणात ओतू नये, जमिनीत खड्डा करून चुना टाकून जिरवावे.

आमच्या पळसदेवच्या बांधवांनी हे सारे ऐकून हॅचरीला फोन लावला. तपासणीचा कागद मागितला. पलीकडून उत्तर आले की बीज आधी पाठवतो, कागद मागाहून येईल, आजवर कोणी मागितला नाही. त्यांनी उचल थांबवली. दुसऱ्या एका हॅचरीने नमुना पाठवून तपासून देण्याचे कबूल केले आहे, त्याचा खर्च व्यापाऱ्याने करायचा आहे. तो खर्च बाटल्यांच्या पैशाहून थोडा कमीच निघाला. बाटली अजून आमच्या टेबलावर आहे, एजंट ती परत न्यायला आलेला नाही.